चौथ्या सीटवरचं ॲप

कल्याणच्या पुढे, विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत, फोन बिघडला की तो आधी दुकानात जात नाही, डब्यात जातो. सकाळच्या गाडीत कुणी खिशातून फोन काढून "हे बघ ना, ॲप इन्स्टॉलच होत नाहीये" एवढं म्हणायचा अवकाश, शेजारचे, समोरचे आणि मधे उभे असलेले सगळे त्या फोनचे नातेवाईक होतात. एक म्हणतो, बंद करून चालू कर. दुसरा म्हणतो, सिम काढ, पूस, परत घाल. एक जण "सॉफ्टवेअर मारावं लागेल" असं सांगणारा हमखास असतो. तो कुठल्याही दुखण्यावर हेच सांगतो आणि त्याच्या स्वतःच्या फोनची काच तीन ठिकाणी तडकलेली असते. ठाणं येईपर्यंत मूळ ॲप काही बसत नाही, पण तेवढ्यात फोनमध्ये दुसरीच चार आलेली असतात. त्यातलं एक मेमरी साफ करणारं असतं.

डब्यात निकाल लागला नाही की प्रकरण वरच्या कोर्टात, म्हणजे माझ्याकडे येतं. संगणकाशी माझा संबंध एवढाच, की मी त्यावर लेख टाइप करतो. आमच्या सोसायटीत तेवढी पात्रता पुरते. रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे काका चष्मा आणि चार्जर असा सगळा लवाजमा घेऊन येतात आणि डॉक्टरांसमोर रिपोर्ट ठेवावेत तसा फोन टेबलावर ठेवतात. "मी काहीच केलं नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य असतं. मी अजून काही विचारलेलं नसतं.

बहुतेक वेळा दुखणं एकच निघतं: जागा नाही.

जागेचा प्रश्न या पट्ट्याला नवा असायला नको. तिघांच्या बाकावर चौथा बसवायची कला इथल्या माणसाला कुणी शिकवत नाही. "सरका जरा" म्हटलं की तिघंही अर्धा-अर्धा इंच सरकतात आणि चौथा एका मांडीवर मुंबईपर्यंत जातो. सत्तरच्या आत-बाहेरचे किलोमीटर असे कापलेली माणसं आहेत ही. उल्हासनगर-विठ्ठलवाडीची मंडळी तर आधी उलट्या गाडीनं बदलापूरला जातात आणि तीच गाडी मुंबईकडे निघाली की खिडकीत बसून परत येतात. या रिटर्नवाल्यांबद्दल फलाटावर ताटकळलेला बदलापूरकर काय बोलतो, ते छापण्यासारखं नाही. पण जागा कशी मिळवायची, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं.

फोनमध्ये मात्र "सरका जरा" चालत नाही. तिथं कुणीतरी उतरल्याशिवाय नवा चढत नाही. उतरवायचं म्हटलं की काकांचा चेहरा पडतो.

"चाळीस एमबीचं ॲप आहे आणि पन्नास एमबी मोकळी दिसतेय. मग नाही कसं म्हणतो हा?" हा त्यांचा नेहमीचा मुद्दा. तसा बिनतोड. पण ॲप आधी उतरतं, मग उलगडतं, मग आपली जुळवाजुळव करतं आणि या सगळ्याला ॲपच्या आकाराहून बरीच जास्त जागा लागते. बसणाऱ्याला सीट लागते, पण त्याआधी दारातून आत शिरायलाही जागा लागते, असं मी सांगितलं तेव्हा काकांनी पहिल्यांदाच मान हलवली. त्यांचा फोन ३२ जीबीचा. त्यातला मोठा हिस्सा अँड्रॉइडनं स्वतः अडवलेला. शिवाय कंपनीनं घालून दिलेली ॲपं. ती कुणी मागितली नव्हती आणि ती उठतही नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन फार तर त्यांना निष्क्रिय करता येतं. म्हणजे डोळे मिटतात, पण बसून राहतात.

उरलेल्या जागेत काकांची गॅलरी.

अंबरनाथच्या शिवमंदिराचे फोटो मी मोजायचा प्रयत्न सोडून दिला. एकाच कोनातून, एकाच अंतरावरून काढलेले. "काका, मंदिर कुठे पळून जातंय का? शके ९८२ चा शिलालेख आहे त्यात. म्हणजे १०६० सालापासून तिथंच उभं आहे." काका म्हणाले, "मंदिर तेच आहे रे, पण ढग बघ." ढग खरंच वेगळे होते. पुढे २७ जुलै २०१९ चे व्हिडिओ, बदलापूर-वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती तेव्हाचे. हजाराहून जास्त प्रवासी सुखरूप बाहेर काढले होते त्या दिवशी. काकांच्या फोनमध्ये मात्र ती गाडी अजून पाण्यातच उभी आहे, कारण तोच व्हिडिओ त्यांना सोसायटीच्या, ऑफिसच्या, शाळेतल्या मित्रांच्या आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर वेगवेगळा आला आणि प्रत्येक ग्रुपचा त्यांनी वेगळा जपला. एक ठेवून बाकीचे काढूया म्हटलं तर म्हणाले, "भजनी मंडळाचा काढू नकोस. पाठवणारे आता नाहीत." यावर काय बोलणार?

आणि मग सुप्रभात. सूर्य, गुलाब, चहाचा कप, दव पडलेलं पान आणि खाली स्वामी विवेकानंदांच्या नावावर खपवलेलं एखादं वाक्य. भारतातले फोन इतक्या लवकर का भरतात, याचा शोध घेताना गूगलची माणसं याच गुलाबांपाशी येऊन थांबली होती. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलनं त्यावर बातमीच दिली. त्याच्या आदल्या महिन्यात गूगलनं फाइल्स गो नावाचं ॲप दिल्लीत आणलं होतं. त्याचं आताचं नाव फाइल्स. लाखो फोटोंतून नेमके सुप्रभातवाले ओळखून काढायचं शिक्षण त्याला दिलेलं होतं. कॅलिफोर्नियातल्या हुशार इंजिनियरांनी आपल्या मावशीआत्यांपुढे हात टेकले, असा मी त्याचा अर्थ घेतो. काकांच्या फोनवर मी ते ॲप चालवलं. त्यानं सगळे गुलाब एका ठिकाणी गोळा केले आणि नम्रपणे विचारलं, हे काढू का? काकांनी एकेक उघडून बघायला सुरुवात केली. दुपारच्या जेवणापर्यंत तीन काढले आणि एक पुन्हा पाठवला.

याला सोपे मार्ग आहेत, नाहीत असं नाही. व्हॉट्सॲपच्याच सेटिंगमध्ये स्टोरेजच्या पानावर कुठल्या ग्रुपनं किती जागा खाल्ली, ते उतरत्या क्रमानं लिहिलेलं असतं. पाच एमबीहून मोठ्या आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या फाइल वेगळ्या काढलेल्या असतात. गॅलरीतून आपण पाठवलेल्या फोटोची एक प्रत 'सेंट' नावाच्या फोल्डरात बसलेली असते, तिकडे कुणी फिरकत नाही. फोटो आपोआप उतरायचं बंदही करता येतं. मी ते काकूंच्या फोनवर करून दिलं. दुसऱ्या दिवशी काकू खाली आल्या त्याच तणतणत: "तुम्ही काय केलंत हो? सगळ्यांचे फोटो धुरकट दिसतायत!"

ज्यांना काढवत नाही ते मेमरी कार्ड आणतात. स्टेशनच्या बाहेर, टेम्पर्ड ग्लास आणि हेडफोनच्या मधे, भाजीच्या भावात मिळणारं. त्यावर ६४ जीबी लिहिलेलं असतं आणि फोनलाही ते ६४ जीबीच सांगतं. आत खरी जागा त्याच्या आठव्या हिश्शाचीही नसते. ती भरली की कार्ड निमूटपणे जुन्यावर नवं लिहायला लागतं. बारशाच्या फोटोंवर मुंजीचे फोटो. त्यात अँड्रॉइडचं आपलं वेगळंच. २०१३ मध्ये ४.४ या आवृत्तीनं ॲपांना कार्डावर मोकाट लिहायला मनाई केली, २०१५ मध्ये सहाव्या आवृत्तीनं कार्डच फोनच्या पोटात दत्तक घ्यायची सोय दिली. दत्तक गेलेलं कार्ड दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही. हे ज्यांना नंतर कळलं, ते आजही दत्तक या शब्दावर गप्प होतात.

माझ्या कोर्टातही दाद लागली नाही की उल्हासनगर. तिथल्या कॅम्प तीनमधल्या एका अरुंद गाळ्यात एक शेठ बसतात. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना आधीच खूप गिऱ्हाईक आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर शहराचा पाया घातला गेला. छावण्यांचे एक ते पाच आकडे मात्र अजून पत्त्यात आहेत. या शहरावरचा 'मेड इन यूएसए'चा विनोद महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. शेठ तो विनोद गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच सांगून टाकतात, म्हणजे वेळ वाचतो.

मी गेलो तेव्हा एक कॉलेजातला मुलगा हुज्जत घालत होता. त्याच्याकडे व्हॉट्सॲपची कुणीतरी बाहेर बनवलेली रंगीत आवृत्ती होती. निळे टिक लपवणारी, डिलीट केलेले मेसेज दाखवणारी. आता त्याला त्यावर खरं व्हॉट्सॲप बसवायचं होतं आणि फोन दर वेळी सांगत होता, ॲप इन्स्टॉल झालं नाही. कारण सांगत नव्हता. अँड्रॉइडला कारण सांगायची फारशी सवय नाही.

शेठनी फोन हातात घेऊन एकदाच पाहिला. "साईं, नाम वही है, साइन अलग है. पुराना निकालो, तब नया बैठेगा."

यात सगळं आलं. प्रत्येक ॲपच्या फाइलवर ते बनवणाऱ्याची गुप्त किल्लीनं केलेली सही असते. त्याच नावाचं ॲप आधीच फोनमध्ये असेल, तर नव्याची सही जुन्याशी जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर फोन त्याला उंबऱ्यावरच थांबवतो, मग चिन्ह तेच असो, रंग तोच असो. जुन्या आवृत्तीला नवीवर बसायचं असेल तरी तेच, आणि अर्धवट उतरलेल्या फाइललाही पुष्कळदा तेच उत्तर. इतक्या वेगवेगळ्या गुन्ह्यांना बऱ्याच फोनांवर एकच कोरडं वाक्य. ज्या गावाच्या लेबलांवर उभा महाराष्ट्र हसला, त्याच गावातल्या गाळ्यात बसून, लेबलाला अजिबात न भुलणाऱ्या एका यंत्रणेची बाजू शेठ मांडत होते आणि त्यात काही गंमत आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. मुलानं विचारलं, "पुराना निकाला तो चॅट जाएगा?" शेठ म्हणाले, "जाएगा." मुलगा बराच वेळ विचार करत उभा राहिला. चॅटमध्ये काय होतं ते कुणी विचारलं नाही.

पूर्वी हे एवढं अवघड नव्हतं. कल्याणला गाडीत चढायचं, शेजाऱ्याकडे एखादा चांगला गेम दिसला की "पाठव ना" म्हणायचं, शेअरइट लावायचं आणि घाटकोपरपर्यंत ॲप आपल्या फोनमध्ये. नेट लागत नसे, पैसे लागत नसत. मग २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. टिकटॉकचं सगळ्यांना कळलं, त्याच्यासाठी गळे काढले गेले. त्याच यादीत शेअरइट होतं, फाइली शोधायचं ईएस फाइल एक्सप्लोरर होतं, यूसी ब्राउझर होता आणि काकांचा लाडका क्लीन मास्टरही होता, त्यांच्यासाठी कुणी एक अश्रू ढाळला नाही. त्याच वर्षी अँड्रॉइड ११ आलं आणि अँड्रॉइड नावाच्या फोल्डरातल्या 'डेटा'चं दार बाहेरच्या ॲपांना बंद झालं. हात घालून एखाद्या गेमची फाइल इकडची तिकडे करणारी जी पोरं होती, ती एका अपडेटमध्ये बेकार झाली. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणारी नवी ॲपंही अखंड राहिली नाहीत. प्रत्येक फोनला त्याच्या मापाचे तुकडे मिळतात. त्यातला मुख्य तुकडा काढून मित्राला पाठवला, तर तिकडे तो बसतच नाही किंवा बसला तरी उघडताक्षणी मिटतो. मित्राला वाटतं आपला फोन खराब आहे आणि तो डब्यात विचारायला जातो.

तरी एपीके, म्हणजे ॲपच्या सुट्या फाइली, यायच्या थांबल्या नाहीत. त्या आता लग्नपत्रिका होऊन येतात.

बदलापूरच्या एका मावशींना अशी पत्रिका आली. अनोळखी नंबर, खाली 'नक्की यायचं हं'. मावशींनी दाबली. आता अँड्रॉइडच्या २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून अनोळखी ठिकाणच्या ॲपांना एकगठ्ठा परवानगी देता येत नाही. ज्या ॲपमधून फाइल आली, त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. फोन विचारतो. मावशींनी दिली, कारण कुणी दारात उभं राहून विचारतंय तर नाही कसं म्हणायचं? मग पत्रिकेनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली. इथं मात्र मावशी थबकल्या. त्या म्हणाल्या, "मुहूर्त सांगायला माझे मेसेज कशाला वाचायला हवेत? आणि पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' कुठंच लिहिलेलं नाही." बँकेचा ओटीपी एसएमएसनंच येतो. तेवढाच आहेर या लग्नात अपेक्षित असतो. सायबर पोलिसांच्या इशाऱ्यांहून मावशींची शंका जास्त कामाची निघाली. पुढच्याच आठवड्यात त्यांना वाहतूक पोलिसांचं चलन म्हणून दुसरी एपीके आली. मावशींकडे सायकलसुद्धा नाही. त्यांनी ती काकांना फॉरवर्ड केली, कारण काकांकडे स्कूटर आहे.

काकांची मूळ गरज खरं तर साधी होती. लोकलचं तिकीट. मुंबईच्या लोकलसाठी यूटीएस ॲप डिसेंबर २०१४ मध्ये आलं. तेव्हा मोबाइलवर काढलेलं तिकीट स्टेशनवरच्या यंत्रातून कागदावर छापून घ्यावं लागे. कागद सुटला तो २०१५ मध्ये. मग दुसरी अट: स्टेशनच्या आवारात किंवा रुळांच्या जवळ उभं राहून तिकीट निघत नसे, म्हणजे टीसी दिसल्यावर काढता येऊ नये. शहाणपणाची अट, पण जीपीएसला अंबरनाथच्या पुलावरचा माणूस आणि रुळावरचा माणूस यातला फरक नेमका कळतोच असं नाही. त्यामुळे गाडी यायच्या वेळी स्टेशनकडे पळणाऱ्या गर्दीत दोन-चार जण फोन वर धरून उलट्या दिशेनं, रिक्षास्टँडकडे पळताना दिसत. स्टेशनपासून लांब गेल्याशिवाय स्टेशनात शिरायचा परवाना मिळत नाही, ही गोष्ट काकांना अजून आध्यात्मिक वाटते. १ जुलै २०२५ ला रेल्वेनं सगळं एकत्र करणारं रेलवन ॲप आणलं. काकांनी ते उतरवायला घेतलं आणि प्ले स्टोअर म्हणालं, प्रलंबित. पुढे रांगेत कोण आहे ते पाहिलं, तर नातवानं लावलेले गाड्यांच्या शर्यतीचे दोन गेम आणि तीन ॲपांचं अपडेट. रांग मोडायला एक बटण आहे. काकांनी आयुष्यात कधी रांग मोडलेली नाही, त्यांनी तिथंही मोडू दिली नाही. त्यापेक्षा एम-इंडिकेटर बरं, असं म्हणून ते वेळापत्रक बघत बसले. २०१० पासूनचं हे मराठी माणसानं केलेलं ॲप नेट नसतानाही गाडी सांगतं, आणि ते मी काढायला सांगितलं असतं तर काकांनी मला घराबाहेर काढलं असतं.

डब्यातल्या सल्ल्यानं एकदा त्यांचं खरं नुकसान झालं. तिकिटाचं ॲप अडकत होतं. शेजारी म्हणाला, कॅशे उडवा. कॅशे म्हणजे ॲपनं सोयीसाठी जवळ ठेवलेला तात्पुरता माल. तो उडवला तर फारसं काही बिघडत नाही, ॲप नव्यानं गोळा करतं. पण त्याच्या शेजारीच 'डेटा साफ करा' असं दुसरं बटण असतं. ते दाबलं की ॲप आपल्याला ओळखतच नाही. नाव विसरतं, नंबर विसरतं, आणि काकांच्या फोनमधला पासही दिसेनासा होतो. गाडी हलली, कुणाचा तरी कोपर लागला आणि काकांचं बोट त्या दुसऱ्या बटणावर पडलं. पुन्हा लॉगिन करायला ओटीपी हवा. टीसी डोंबिवलीला आला, ओटीपी दिव्याला. दंडाची पावती मात्र लगेच मिळाली.

शेवटी दिवाळीत मुलानं नवा फोन घेऊन दिला, १२८ जीबीचा. मला वाटलं, सुटलो. एक जुनं पंचांगाचं ॲप तेवढं नव्या फोननं घेतलं नाही, कारण अँड्रॉइडची चौदावी आवृत्ती फार जुन्या काळासाठी बांधलेली ॲपं आतच घेत नाही. काकांनी त्याचं फार मनावर घेतलं नाही. भिंतीवर कालनिर्णय आहे. बाकी सगळं, मंदिर, ढग, पाण्यातली महालक्ष्मी, गुलाब, एका वायरनं जुन्यातून नव्यात गेलं. रात्रभर जात होतं. सकाळी काका खाली आले, नवा फोन माझ्यापुढे धरला आणि समाधानानं म्हणाले, "बघ, अजून निम्मा रिकामा आहे."

मी म्हटलं, "छान. आता जुना फोन पुसून काकूंना द्या, म्हणजे त्यांनाही तिकिटाचं ॲप घालता येईल."

"जुना पुसायचा?" काका दचकले. "अरे, नव्याचं काही झालं तर?"

काकू तिकीट खिडकीवरच काढतात. सुट्टे पैसे त्यांच्याकडे कायम असतात.